धाक आणि पांघरूण

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या बाई एका शिकवणाऱ्या रुग्णालयात मेडिसिन विभागात वरिष्ठ डॉक्टर आहेत. निवासी डॉक्टरांना 'रुग्णसुरक्षा' शिकवण्याचं काम दोन वर्षांपासून त्यांच्याकडे आहे. व्याख्यानं वेळेवर होतात, हजेरी चांगली असते. गेल्या महिन्यात त्यांच्या युनिटमधल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने सलग ड्यूटीच्या २६व्या तासाला, रात्री दोन वाजता, एका रुग्णाला ४ युनिट इन्सुलिन लिहून दिलं. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहिण्याऐवजी त्याने घाईत आकड्याला चिकटून इंग्रजी 'यू' काढला. तो शून्यासारखा दिसला आणि रुग्णाला ४० युनिट गेलं. साडेचारला रुग्ण घामाने डबडबलेला, अर्धवट शुद्धीत सापडला. ग्लुकोज दिल्यावर सावरला आणि चार दिवसांनी घरी गेला. "मला ४० जास्तच वाटलं होतं, पण डॉक्टरांनी लिहिलंय म्हटल्यावर दिलं," असं सिस्टर नंतर म्हणाल्या. नातेवाइकांना "साखर अचानक उतरली" एवढंच सांगितलं गेलं. "मॅडम, त्यांना खरं सांगायचं का?" असं त्या मुलाने विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता नको."

विभागप्रमुखांचं म्हणणं असं की मासिक बैठकीत त्याला नावानिशी उभं करावं, म्हणजे बाकीच्यांना धाक बसेल. बाईंना वाटतं, मुलगा गुणी आहे, प्रकरण शांतपणे मिटवावं. मुलगा मात्र गप्प झाला आहे. एकेक ऑर्डर पाच-पाचदा तपासतो, त्याला झोप लागत नाही. बाई विचारतात: "आमच्याकडे वर्षभरात चुकांच्या तीनच नोंदी आहेत, म्हणजे काम वाईट नाही. मग या मुलांना चुका करू नका असं शिकवू, की चुका लपवू नका असं? दोन्ही एकदम कसं शिकवायचं?"

उत्तर

नमस्कार डॉक्टर,

कसं शिकवायचं असं तुम्ही विचारता, पण मला वाटतं तुमचं शिकवून झालेलं आहे. त्या मुलाने नातेवाइकांबद्दल विचारलं आणि तुम्ही "आता नको" म्हणालात, तेव्हाच तो धडा झाला. तुमच्या दोन वर्षांच्या व्याख्यानांतलं त्याला काय आठवेल कोण जाणे, हे दोन शब्द मात्र तो विसरणार नाही. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मलाही हाच धडा कुणीतरी फार मायेने दिला होता.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या वॉर्डात एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर होते. मी एकाचं रक्त काढलं आणि नळीवर दुसऱ्याचं नाव लिहून रक्तपेढीत पाठवलं. जुन्या नोंदीतला रक्तगट जुळेना, म्हणून तिथल्या तंत्रज्ञाने फोन केला. नाही तर काय झालं असतं, त्याचा विचार आजही मला करवत नाही. माझ्या वरिष्ठांनी तो फॉर्म फाडला, दुसरा नमुना पाठवला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झालं गेलं विसर. कुणाजवळ बोलू नकोस." मला रडू आलं, इतकं बरं वाटलं. पण त्या दोन खाटा शेजारशेजारच राहिल्या. आणि रात्रीच्या ड्यूटीवर माझ्या जागी आलेल्या मुलीला मी काहीही सांगितलं नाही.

त्यांच्या मायेत खोट नव्हती. त्या मायेने मला काय शिकवलं, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली. चूक ही माझ्या अंगावरची खासगी गोष्ट आहे आणि चांगली माणसं तिच्यावर पांघरूण घालतात, असं मी शिकले होते. तुमचे विभागप्रमुख धाक घालू पाहतात, तुम्ही पांघरूण घालू पाहता. तुमच्या दोघांचे हेतू अगदी उलटे आहेत, पण मुलं त्यातून शिकतात ते एकच: सापडू नये. तुमचा पेच या दोघांतलं काय निवडायचं असा दिसतो, म्हणून सुटत नाही.

धाकाबद्दल आधी बोलते, कारण तो वरवर पटण्याजोगा असतो. भीती वाटली की माणूस जपून वागेल, हे ऐकायला खरं वाटतं. पण तुमचा मुलगा ती ऑर्डर लिहिताना बेफिकीर नव्हता. ४ लिहितोय हे त्याला पक्कं माहीत होतं आणि त्याने ४च लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला स्वतःचा 'यू' शून्यासारखा दिसतच नाही. जी चूक करताना ती चूक आहे हे कळत नाही, ती धाकाने कशी थांबेल? चूक कळल्यानंतर ती सांगायची की नाही, हे ठरवताना मात्र धाकाचा परिणाम शंभर टक्के होतो.

म्हणून तुमच्या त्या तीन नोंदींकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. गेल्या शतकाच्या अखेरीस एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासत होत्या. चांगल्या नेतृत्वाच्या, एकोप्याच्या चमूंमध्ये चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी निघाल्या उलट्या, म्हणजे चांगल्या चमूंमध्ये जास्त. खोलात गेल्यावर ध्यानात आलं की ते चमू चुकांबद्दल मोकळेपणी बोलत होते, म्हणून त्या कागदावर येत होत्या. एका गजबजलेल्या मेडिसिन विभागात वर्षभरात तीनच चुका झाल्या, यावर तुमचा स्वतःचा तरी विश्वास आहे का? वर्षभरात तीनदाच कुणाला सांगावंसं वाटलं, एवढंच त्या आकड्यावरून कळतं. पुढच्या वर्षी तो तीसवर गेला, तर घाबरू नका. विभागप्रमुखांनाही हे आधीच सांगून ठेवा, नाही तर तुमचं यश त्यांना अपयश वाटेल.

आता 'चूक कोणाची' या प्रश्नाकडे येऊ. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांबद्दलच्या आपल्या लिखाणात एक साधी कसोटी वापरली होती. त्या माणसाच्या जागी तितकंच शिकलेला, तितकाच अनुभव असलेला दुसरा कुणी बसवा. त्याच परिस्थितीत त्याच्याकडूनही हेच घडलं असतं का? तुमच्या प्रसंगाला ही कसोटी लावून बघा. ड्यूटीचा २६वा तास होता. २००४ साली बोस्टनमधल्या अतिदक्षता विभागांत एक अभ्यास झाला. त्यात २४ तास किंवा त्याहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नांच्या हातून, छोट्या पाळ्या करणाऱ्यांच्या तुलनेत ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. मग हस्ताक्षरातली ऑर्डर होती. मग इन्सुलिनसारखं जोखमीचं औषध, ज्याचा डोस दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे पडताळून बघायला हवा. ती पडताळणी झाली का? पत्रात तिचा उल्लेख नाही. आणि शेवटी, शंका आलेल्या पण विचारू न शकलेल्या सिस्टर.

व्याख्यानात तुम्ही "यू लिहू नका" असं सांगितलं असणारच. तरी एक काम करा. गेल्या महिन्यातले तुमच्या युनिटचे केसपेपर काढा आणि तुमच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले 'यू' मोजा. नंतर विभागप्रमुखांच्या हस्ताक्षरातले मोजा. एकही सापडला नाही, तर मुलाने नियम मोडला असं खुशाल म्हणा. सापडले, तर मुलाने वॉर्डाची रीत पाळली होती. सगळे तसंच लिहितात आणि त्या रात्री फक्त त्याचा 'यू' शून्यासारखा उमटला.

याचा अर्थ कुणाची जबाबदारीच नाही, असा नव्हे. विभागप्रमुखांना तीच काळजी असणार आणि ती रास्त आहे. मी तीन गोष्टी वेगळ्या धरते. हात घसरणं, वाचताना चुकणं, विसरणं ही पहिली. इथे माणसाला आधार द्यायचा आणि व्यवस्था दुरुस्त करायची. आडवाटेची सवय ही दुसरी: वेळ वाचतो म्हणून एखादी पायरी गाळणं, आणि सगळेच गाळतात म्हणून त्यात काही वावगं न वाटणं. इथे बसवून समजावायचं आणि ती पायरी का गाळावीशी वाटते, हे शोधायचं. तिसरी म्हणजे धोका दिसत असताना जाणूनबुजून तो रुग्णाच्या माथी मारणं, नशेत ड्यूटीवर येणं, नोंद बदलणं. इथे कारवाईच हवी. रुग्णाला किती इजा झाली, यावरून मात्र हे ठरवू नका. सगळ्यात मोठी गल्लत तिथेच होते. रुग्ण वाचला तर "जाऊ दे", गेला तर "याला काढा", असं व्हायला लागलं की न्याय नशिबावर सोडल्यासारखं होतं.

बैठकीचं काय करायचं? प्रसंग बैठकीत यायलाच हवा. शांतपणे मिटवलात तर माझ्या त्या दोन खाटांसारखं होईल. पण तो मुलाच्या नावाने यायला नको आणि त्याच्या तोंडून तर मुळीच नको, निदान आत्ता तरी नको. तुम्ही स्वतः मांडा. मांडण्याआधी त्याला दाखवा, काय वगळावं हे विचारा. लहान विभागात नाव झाकून राहत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच सुरुवात कशी करता याला महत्त्व आहे. "हे कोणी केलं?" या प्रश्नाने खोलीतला प्रत्येक जण मनातल्या मनात मागे सरकतो. "त्या रात्री दोन वाजता त्याला काय दिसत होतं, काय माहीत होतं?" असं विचारलंत की सगळे त्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. शेवट आपल्याला ठाऊक असतो, म्हणून मागे वळून पाहताना सगळं स्वच्छ दिसतं. बैठक चालवणाऱ्याने ही ठाऊक गोष्ट पहिली वीस मिनिटं बाजूला ठेवायला शिकावं लागतं, आणि ते सोपं नाही.

बैठकीच्या शेवटी "सर्वांनी अधिक काळजी घ्यावी" असं लिहू नका. त्या वाक्याने आजवर कुठला रुग्ण वाचला असेल, असं मला वाटत नाही. माणसाच्या सावधपणावर अवलंबून असलेला उपाय सगळ्यात दुबळा असतो. बळकट उपाय तो, ज्यात चूक करायला जागाच उरत नाही. भूलतज्ज्ञांकडे बघा. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरांच्या जोडणीच्या खिळांची जागाच वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा सिलिंडर बसतच नाही. इन्सुलिनसाठी 'युनिट' हा शब्द आधीच छापलेला स्वतंत्र तक्ता आणणं, ही त्याच जातीची छोटी गोष्ट आहे. एका बैठकीतून असा एकच बदल बाहेर पडला आणि तो महिनाभर टिकला, तर बैठक चांगली झाली असं समजा. तो बदल करण्याचं काम मुलांकडे द्या. रुग्णसुरक्षा त्यांना यातून जेवढी कळेल, तेवढी परीक्षेतून कळणार नाही.

आता नातेवाईक. सांगायला हवं, डॉक्टर. उशीर झाला आहे, पण उशीर झाला म्हणून सांगायचंच नाही, असं नसतं. फेरतपासणीची वाट बघू नका, त्यांना बोलावून घ्या. आधी रुग्णालयाच्या प्रशासनाला आणि कायदा सल्लागाराला कल्पना द्या, कारण नियम ठिकाणागणिक बदलतात. पण त्यांना "काय सांगू?" असं विचारू नका, "हे सांगणार आहे" असं कळवा. कोर्टकचेरीची भीती तुम्हाला कुणी ना कुणी घालेलच. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने २००१पासून चुका आपणहून सांगायच्या, माफी मागायची आणि जिथे आपली चूक असेल तिथे भरपाई द्यायची, असं धोरण धरलं. तिथे दाव्यांचं प्रमाण वाढलं नाही, उलट घटलं. सगळीकडे असंच होईल, असं मी म्हणणार नाही. पण नंतर कुठून तरी कळलं म्हणून संतापलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचा राग चुकीपेक्षा लपवाछपवीवर जास्त होता.

बोलायचं तुम्ही, मुलगा शेजारी बसेल, तोही त्याची तयारी असेल तर. त्याला एकट्याला पाठवू नका. शब्द साधे ठेवा: "त्या रात्री ४ युनिट इन्सुलिन द्यायचं होतं, आमच्याकडून ४० गेलं. त्यामुळे साखर उतरली. ही आमची चूक आहे आणि मी तुमची माफी मागते. साखर लगेच वर आणली, आता त्याचा काही परिणाम उरलेला नाही. हे कसं घडलं ते आम्ही शोधतोय, कळलं की पुन्हा बोलावून सांगू." मग थांबा. ते चिडतील, रडतील, गप्प बसतील. ती वेळ भरून काढायला स्पष्टीकरणं देऊ नका. "काही गैरसोय झाली असल्यास" अशा माफीने माणूस दुखावतो. आणि पुन्हा बोलावू म्हणालात, तर खरोखर बोलवा.

तुमच्या शेजारी बसून तो मुलगा हे ऐकेल, तेव्हा तुमचं "आता नको" पुसलं जाईल. त्याआधी त्याला एवढं सांगा: "त्या दिवशी तू बरोबर विचारलं होतंस, माझं उत्तर चुकलं." वरिष्ठाच्या तोंडून हे वाक्य निवासी डॉक्टरांनी फारच क्वचित ऐकलेलं असतं.

आणि तो मुलगा स्वतः? २००० साली अल्बर्ट वू यांनी अशा डॉक्टरांसाठी 'दुसरा बळी' हा शब्द वापरला. पहिला बळी रुग्ण, हे कधीच विसरायचं नाही, पण दुसराही असतो. पाच-पाचदा ऑर्डर तपासणं तुम्हाला सुधारणा वाटेल. मला ती जखम वाटते. असा मुलगा पुढे निर्णय घ्यायलाच कचरतो, किंवा दमून एक दिवस तपासणंच सोडून देतो. "अरे, सगळ्यांच्याच हातून होतं" असं म्हणून त्याला वाटेला लावू नका, कारण त्याला ते त्या रुग्णाचा अपमान केल्यासारखं वाटेल. रुग्ण आता कसा आहे, ते सांगा. जमलं तर भेट घालून द्या. झोप, जेवण, घरी कुणाशी बोलला का, हे विचारा. आणि जगावंसं वाटत नाही असे विचार येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार मनात येत नाहीत, असतील तर बाहेर येतात. थोडीही शंका वाटली, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जा. त्याच्या मूल्यमापनाशी संबंध नसलेला एखादा वरिष्ठ त्याच्याशी नियमित बोलत राहिला, तर फार बरं.

तुमच्या वर्गाबद्दल थोडं. व्याख्यानं निम्मी करा आणि तो वेळ वॉर्डात न्या. आठवड्यातल्या एका राउंडच्या शेवटी दहा मिनिटं एकच प्रश्न ठेवा: "या आठवड्यात काय होता होता राहिलं?" पहिले दोन-तीन आठवडे कुणी बोलणार नाही. तुम्ही स्वतःचं सांगा, आणि वीस वर्षांपूर्वीचं नको, याच आठवड्यातलं सांगा. जुन्या चुका सांगणं सोपं असतं, कारण काळाने त्या धुऊन टाकलेल्या असतात. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ ते १९१६ या काळात आपल्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांमागे १२३ चुका नोंदवल्या, आणि छापूनही टाकल्या. त्यांना त्यांच्या व्यवसायबंधूंनी फार सुखाने जगू दिलं नाही, हेही खरं. पण स्वतःची चूक कारणासकट कशी लिहावी, हे शिकवायला तो नमुना मुलांपुढे ठेवण्याजोगा आहे.

पाळी बदलतानाच्या हँडओव्हरला रीत लावा. रुग्ण किती गंभीर, थोडक्यात इतिहास, काय करायचं बाकी, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं. आणि शेवटी ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. अशी ठरावीक पद्धत निवासी डॉक्टरांना शिकवून ९ रुग्णालयांत पाहिली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या. त्यातली परत सांगण्याची पायरी मुलं आधी गाळतात, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवा.

हे पत्र वाचणाऱ्या निवासी डॉक्टरांनाही एक सांगते. तुमच्या हातून काही घडलं, तर आधी रुग्णाकडे धावा, मग वरिष्ठाला फोन करा, मग जे घडलं ते वेळेसकट लिहा. लिहिलेल्यावर कधीही खाडाखोड करू नका. वरिष्ठ "सोड" म्हणाले, तर "मला सोडता येत नाहीये" असं म्हणायची तुम्हाला मुभा आहे.

शेवटचं त्या सिस्टरांबद्दल. पत्रात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, आणि बैठकीच्या यादीत त्या आहेत की नाहीत, ते कळत नाही. १९६६ साली हॉफलिंग नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने एक प्रयोग केला होता. अनोळखी डॉक्टरने वॉर्डात फोन करून एका औषधाचा २० मिलिग्रॅम डोस द्यायला सांगितला, आणि बाटलीवर जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असं लिहिलेलं होतं. २२ पैकी २१ परिचारिका तो द्यायला निघाल्या. त्यांना वाटेतच थांबवलं गेलं. त्या अडाणी नव्हत्या. डॉक्टरला अडवण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. तुमच्या वॉर्डात ती किंमत किती आहे, हे त्या सिस्टरांइतकं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही. त्यांना चहाच्या वेळी गाठा. "तुम्ही का नाही विचारलं?" असं नको. "रात्री दोन वाजता फोन करावासा वाटला, तर हात कशामुळे थांबतो?" असं विचारा. कदाचित त्या तुमच्याच युनिटमधल्या कुणाचं तरी, मागे कधीतरी फोनवर खेकसलेलं वाक्य सांगतील. ते जसंच्या तसं लिहून घ्या. त्यांची हरकत नसेल, तर बैठकीची सुरुवात त्या वाक्याने करा, आणि त्यांची खुर्ची त्या मुलाच्या शेजारी ठेवा.